कोकणातला इस्लाम देवगिरीच्या वाटेने आला नाही

‘कोकणात मुसलमान आले ते अल्लाउद्दीन खिलजीच्या तलवारीमागून.’ हे वाक्य आजकाल इतक्या निःशंकपणे लिहिले जाते की त्याला पुरावा मागणेच उद्धटपणाचे ठरते. या धाग्यात तो उद्धटपणा करायचा आहे. ‘छे, इस्लाम इथे केवळ प्रेमाने आणि संतांच्या गोड वाणीने पसरला’ असे एक दुसरे वाक्य पहिल्याला उत्तर म्हणून फेकले जाते. त्याचाही समाचार घ्यायचा आहे, कारण पहिले खोटे निघाले म्हणून दुसरे आपोआप खरे होत नाही.

मी हे गुहागर तालुक्यातल्या हेदवीहून लिहितो आहे. लोक हे गाव दशभुज गणपतीमुळे आणि बामणघळीमुळे ओळखतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे उभे राहून किनाऱ्याची रेघ पाहावी. उत्तरेस वाशिष्ठीचे मुख आणि त्यावर दाभोळ, दक्षिणेस शास्त्रीचे मुख आणि त्यावर जयगड. पाठीशी सह्याद्रीची भिंत आणि समोर उघडा समुद्र. घाटवाटांनी देशावर जाणे बैलांच्या तांड्याला कष्टाचे. त्या मानाने वारा अनुकूल असला तर मस्कत गाठणे सोपे. कोकण म्हणजे महाराष्ट्राला चिकटलेली चिंचोळी पट्टी असे आपण शाळेच्या नकाशावरून समजतो. अरबी समुद्राच्या बाजूने पाहिले तर ते जवळजवळ बेट आहे, आणि त्याचा इतिहासही पुष्कळसा बेटासारखा घडला.

आता तारखा. देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी झाली इ.स. १२९६ मध्ये. त्याच्या ३८० वर्षे आधी, हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, बगदादचा प्रवासी व इतिहासकार अल्-मसूदी ‘सैमूर’ येथे आला होता. सैमूर म्हणजे आपले चौल, संस्कृत लेखांतले चेमुल्य. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे तो लिहितो. त्यांपैकी काही सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन स्थायिक झालेले होते आणि काही ‘बयासिरा’, म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले. दहा हजार हा आकडा गोल आहे आणि मध्ययुगीन प्रवाशांचे गोल आकडे जपून घ्यावेत, हे मान्य. निम्मा करा, चतुर्थांश करा. शून्य मात्र होत नाही. आणि ‘इथेच जन्मलेले’ यासाठी त्या भाषेत एक स्वतंत्र शब्द रूढ झाला होता, यावरून ही वस्ती तेव्हाच निदान एका पिढीपलीकडे गेलेली होती हे उघड आहे.

त्या वेळी चौलवर राज्य कोणाचे होते? शिलाहार झंझाचे. मसूदीने त्याचेही नाव नोंदवले आहे. हा शिलाहार राष्ट्रकूटांचा मांडलिक. अरब ज्याला ‘बल्हरा’ म्हणत तो हा राष्ट्रकूट सम्राट; ‘वल्लभराज’ या बिरुदाचे ते अरबी रूप. ज्या घराण्याच्या काळात वेरूळचे कैलास कोरले गेले, त्याच घराण्याच्या राज्यात जुम्म्याच्या मशिदी उघडपणे चालत होत्या. चौलच्या मुसलमानांवर त्यांच्यातलाच एक मुख्य नेमलेला असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत आणि आपसातले तंटे तो त्यांच्या कायद्याने सोडवी. ही नेमणूक करणारा राजा हिंदू होता. येथे कोणाच्याही मानेवर कोणाची तलवार दिसत नाही.

‘प्रवासवर्णन आहे, अरबाने लिहिलेले आहे, तो आपल्या धर्माची बढाई मारणारच.’ रास्त शंका आहे. मग आपल्याच मातीतला, संस्कृतातला ताम्रपट घेऊ.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणी येथे राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, तिसऱ्या इंद्राच्या कारकिर्दीतला आहे. तो सांगतो की संयान मंडलावर, म्हणजे आजच्या संजाणच्या परिसरावर, ‘ताजिक’ कुळातला ‘मधुमति’ नावाचा अधिकारी राज्य करीत होता आणि हे मंडल त्याला दुसऱ्या कृष्णाच्या कृपेने मिळाले होते. ताजिक म्हणजे अरब. (वर्षफल मांडणारे ज्योतिषी ज्याला ‘ताजिक’ म्हणतात, तोच हा शब्द, ते गणितही त्याच समुद्रावरून आले.) मधुमति म्हणजे ‘मुहम्मद’. वडिलांचे नाव ‘साहियारहार’ असे दिले आहे. ते ‘शहरियार’ या फारसी नावाचे रूप आहे. या मुहम्मदाने आसपासच्या बंदरांचे नायक आपल्या स्वामीसाठी जिंकले आणि तेथे आपली माणसे बसवली. दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट तर सुरू केली. संजाणला एक अन्नछत्र घातले आणि तेथे तांदळाचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळण्याची सोय केली. आणि याच ताम्रपटाचा मुख्य विषय काय? अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला या मधुमतीने राजाच्या संमतीने दिलेले गाव आणि जमीन. हेतू मठिकेची दुरुस्ती, देवीचा नैवेद्य आणि ब्राह्मणभोजन.

हा ताम्रपट वाचून ‘बघा, किती सुंदर सलोखा!’ असे उद्गार काढणाऱ्यांना जरा थांबवतो. कारण हाच ‘ताजिक’ शब्द याच किनाऱ्यावर आधी एका वेगळ्या लेखात आला आहे. नवसारीच्या, इ.स. ७३८-३९ च्या ताम्रपटात लाटचा चालुक्य सामंत अवनिजनाश्रय पुलकेशी अभिमानाने सांगतो की सिंध, कच्छ, सौराष्ट्र तुडवत नवसारीपर्यंत आलेले ताजिकांचे सैन्य त्याने मोडले. त्याच्याही शंभर वर्षे आधी, खलिफा उमरच्या काळात, इ.स. ६३६ च्या सुमारास, बहरीन-ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठवल्याची नोंद बलाझुरी या अरब इतिहासकाराने केली आहे. ते आरमार परत गेले आणि आपल्याला न विचारता माणसांचे प्राण समुद्रावर पणाला लावले म्हणून उमर त्या सुभेदारावर संतापला.

म्हणजे तलवार आलीच नव्हती असे नाही. ती अल्लाउद्दीनाच्याही आधी किमान दोनदा आली, समुद्रावरून आणि उत्तरेकडून. दोन्ही वेळा ती परतली आणि मागे काही उरले नाही. जे उरले ते शिडाच्या जहाजांतून आले, बंदरात जकात भरून उतरले आणि हिंदू राजाच्या परवानगीने राहिले. ७३८ मध्ये शत्रू असलेला ताजिक ९२६ मध्ये त्याच पट्ट्यात सुभेदार होतो. या १८८ वर्षांत काय बदलले? चमत्कार झाला नाही. हिशोब बदलला.

हा हिशोब नीट मांडला पाहिजे, कारण दोन्ही बाजूंचे वाद घालणारे तेवढाच टाळतात. राष्ट्रकूटांचे उत्तरेतले वैर गुर्जर-प्रतिहारांशी होते. सुलैमान व्यापाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इ.स. ८५१ च्या अरबी वृत्तांतात गुर्जरांचा राजा अरबांचा कट्टर वैरी आणि बल्हरा मित्र म्हटलेला आहे. शत्रूचा शत्रू. त्यात दख्खनला चांगला घोडा पैदा होत नसे. तो आखातातून जहाजाने यायचा. उलट आखाताला लाकूड नव्हते. सिराफच्या श्रीमंतांची घरे सागाची होती, अरबीत सागाला ‘साज’ म्हणतात, आणि त्यांची जहाजे खिळ्यांनी ठोकलेली नसून काथ्याच्या दोरीने शिवलेली असत. साग आपला, काथ्या आपला, घोडा त्यांचा. राजाला बंदराची जकात हवी होती आणि जकात देणाऱ्याला शुक्रवारची नमाज हवी होती. सौदा जमला. याला सहिष्णुता म्हणायचे तर म्हणा, पण ती जकातनाक्यावर उभी असलेली सहिष्णुता होती आणि मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही. भावनेच्या पायावर उभ्या असलेल्या सलोख्यापेक्षा ती जास्त टिकली.

बाकीचे काम वाऱ्याने केले. आखातातून निघालेले जहाज पावसाळा ओसरता ओसरता आपल्या किनाऱ्याला लागते. परत फिरायला ईशान्येचा वारा हवा, तो कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास स्थिर होतो. मधले महिने व्यापाऱ्याला बंदरात काढावे लागत. माल विकून पुढच्या वर्षाची खरेदी करून ठेवायची तर एक भरवशाचा माणूस वर्षभर मागे राही. तो घर करी, लग्न करी, आणि बायको इथलीच असे. शिडाच्या जहाजातून बायकापोरे आणण्याची रीत नव्हती. मसूदीचे ‘बयासिरा’ अशा घरांत जन्मले. आपण आजही वापरतो ते शब्द पाहा: ‘मोसम’ अरबी, ‘खलाशी’ अरबी, ‘बंदर’ आणि ‘नाखुदा’ फारसी. हे शब्द कोणत्या सैन्याच्या छावणीतून आलेले नाहीत.

दक्षिणेकडे गोव्यातही हेच. अकराव्या शतकाच्या मध्यास कदंब राजा पहिला जयकेशी याच्या लेखांत एका ताजिक घराण्याचा उल्लेख येतो. या घराण्याचा मूळपुरुष ‘मदुमद’ याने समुद्रात डोलकाठी मोडून अडकलेल्या कदंब राजाला साह्य केले होते. त्याच्या नातवाने गोव्यात ‘मिजिगिती’, म्हणजे मशीद, बांधली आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर बसवण्याची मुभा कदंबांनी दिली. मशिदीला उत्पन्न देणारा राजा शिवभक्त होता. हे घडले तेव्हा अल्लाउद्दीनाच्या जन्माला अजून दोनशे वर्षे अवकाश होता.

ताम्रपट वाचण्याची सवड नसलेल्यांसाठी आणखी एक पुरावा आहे आणि तो आज, या घडीलाही जिवंत आहे. भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत. मध्य आशियातून खुष्कीच्या मार्गाने आलेल्या तुर्क-अफगाण सत्तांचा तो संप्रदाय. कोकणी मुसलमान मात्र शाफई. भटकळचे नवायत शाफई, मलबारचे मापिळ्ळे शाफई. पुढे श्रीलंका, मलाया, इंडोनेशिया, आणि उलट दिशेला येमेन, हद्रमौत, पूर्व आफ्रिकेचा किनारा, सगळीकडे शाफईच. हे ठिपके जोडा. रेघ पाण्यावरूनच जाते. इस्लाम कोकणात देवगिरीहून घाट उतरून आला असता तर घाटावरचा आणि घाटाखालचा मुसलमान एकाच पंथाचा असता. तसे नाही. दुपारनंतरच्या ‘असर’च्या नमाजाची वेळ शाफई गणिताने लवकर होते, हनफी गणिताने उशिरा. समुद्रातले मासे सोडून इतर जीव खावेत की नाही, कोळंबीचे काय, यावर हनफींमध्ये वाद आहेत. शाफईंनी पाण्यातल्या जवळजवळ सगळ्याला मुभा दिली. कोकणच्या स्वयंपाकघराला कोणता पंथ मानवला असता हे सांगायला इतिहासकार नको!

गावांची जागाही बोलकी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या कोकणी मुस्लिम वस्त्या बहुधा खाड्यांच्या काठाने आत गेलेल्या दिसतात. वाशिष्ठीवर दाभोळपासून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत, पलीकडे शास्त्रीवर, आणखी खाली राजापूरच्या खाडीवर. भरतीचे पाणी जिथवर गलबत नेई, तिथवर व्यापारी गेला.

आता दुसऱ्या बाजूला. समुद्रावरून आला म्हणजे शांततेने आला, असा नियम काही जण बनवतात. तो मालदीवपुढे कोसळतो. आपल्या नैर्ऋत्येचे हे द्वीपराष्ट्र बौद्ध होते. इ.स. ११५३ मध्ये तेथील राजाने इस्लाम स्वीकारला. कोणतेही परके सैन्य उतरले नव्हते. इब्न बतूताने तेथे ऐकलेल्या कथेत तर समुद्रातून येणारा राक्षस कुराणाच्या पठणाने पळतो. कथा गोड आहे. पण त्याच शतकाच्या अखेरच्या, इस्धू येथील ताम्रपटात बौद्ध भिक्षूंना राजधानी मालेला आणून ठार केल्याची नोंद आहे. तलवार बाहेरून आली नाही. ती राजाकडे होतीच. चौल आणि माले, दोन्हीकडे इस्लाम एकाच समुद्रावरून आला. फरक एवढाच की मालेत तो सिंहासनावर बसला, आणि चौलात चारशे वर्षे तो सिंहासनासमोर उभा राहून परवाना मागत होता. म्हणून मालदीव सगळे मुसलमान झाले, आणि कोकणात तो एक मोहल्ला, एक आळी, एक खाडीकाठचे गाव एवढाच राहिला. धर्म कोणत्या वाटेने आला यापेक्षा आल्यावर गादी कोणाकडे होती, हा प्रश्न आधी विचारायला शिकू या.

कोकणातही गादी बदलली तेव्हा चित्र बदलले, हे लपवण्यात अर्थ नाही. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य दिल्लीने गिळले आणि ठाण्याला मुसलमान अंमलदार आला. तीनच वर्षांत, १३२१ मध्ये, त्याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांना धार्मिक वादातून ठार मारण्यात आले. १३४० च्या दशकात होनावरचा शाफई सुलतान जमालुद्दीन गोव्यावर आरमार घेऊन चालून गेला. इब्न बतूता स्वतः त्या स्वारीत होता. हाच बतूता होनावरात मुलांच्या २३ आणि मुलींच्या १३ शाळा पाहिल्याचेही लिहितो. एकाच शहराची दोन्ही वर्णने एकाच माणसाची आहेत, सोयीची तेवढी उचलायची नाहीत.

आणि सक्तीचे धर्मांतर? कोकणात त्याची प्रसिद्ध कथा फरिश्त्याने दिली आहे. इ.स. १४५३ च्या सुमारास बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने शिर्क्यांना पकडले आणि मुसलमान हो नाहीतर मर, असा पर्याय दिला. शिर्के म्हणाले, आधी खेळण्याच्या राजाला जिंकून द्या, मग मी धर्म बदलतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. त्यांनी बहमनी फौजेला सह्याद्रीच्या रानात नेले आणि तिथे दोघा राजांनी मिळून ती कापून काढली. खलफ हसनही मारला गेला. त्याचा किताब होता ‘मलिक-उत्-तुज्जार’, व्यापाऱ्यांचा राजा. चौलच्या खऱ्या व्यापाऱ्यांना जे पाच शतकांपूर्वी साधले होते, ते या किताबवाल्याला तलवारीने साधले नाही.

या सत्तापालटांच्या काळात दाभोळ भरभराटीला आले. १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात होता आणि दाभोळवरूनच तो होर्मुझकडे परतला. घोड्यांच्या व्यापाराचे हे मोठे बंदर असल्याचे त्याने नोंदवले. दाभोळची शाही मशीद नंतरची, विजापुरी घडणीची, आजही धक्क्याजवळ उभी आहे. ज्यांना ‘कोकणातला इस्लाम’ म्हणून हीच मशीद आठवते, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की चौलच्या जुम्मा मशिदी हिच्याहून कित्येक शतकांनी जुन्या.

या व्यवस्थेचा कणा मोडला तो देशावरच्या कोणी नव्हे. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाने दाभोळ जाळले आणि बायकापोरांसकट लोकांची कत्तल केली. त्यानंतर अरबी समुद्रावर जहाज हाकायला पोर्तुगीजांचा परवाना लागू लागला, आणि सहा शतके चाललेला खुला व्यापार संपला.

शेवटी कोकणी मुस्लिम मित्रांशी थोडे भांडण. हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाला कंटाळून कूफ्याहून पळालेले कुलीन अरब आमचे पूर्वज, ही कथा अनेक घरांत सांगितली जाते. सांगा, पण तिला इतिहास म्हणू नका. तुमची भाषा मराठीची बोली आहे, तुमच्यात खोत, मुकादम, चौगुले, देशमुख आहेत, आणि मसूदीनेच तुमच्या पूर्वजांना इथे जन्मलेले म्हणून वेगळे नाव दिले होते. हजार वर्षे इथल्या आयांच्या पोटी जन्मून कागदावर अरबस्तान शोधणे, आणि त्याच माणसांना ‘खिलजीबरोबर आलेले’ म्हणणे, ही एकाच चुकीची दोन तोंडे आहेत. दोघांनाही कोकणातली आई नको असते.

या धाग्यावर हरकत घेणाऱ्यांचे स्वागत आहे. फक्त येताना चित्रफितीची लिंक आणू नका. ताम्रपट, शिलालेख किंवा समकालीन वृत्तांत आणा, त्याचा शक आणि गाव सांगा. पुढचा धागा दाभोळच्या घोडेबाजारावर.